सगळ्यात खालची ओळ

अफसानाचा फोन वाजला तेव्हा याकूबचा हात प्रिंटरच्या पोटात होता. आधी त्याला वाटलं, शेजारी शाकिरच्या दुकानात वाजतोय. शाकिर मोबाईल विकायचा, त्याच्याकडे दिवसभर काही ना काही वाजतच असायचं. पण ही धून शाकिरकडची नव्हती. खिडकीतल्या फोनची होती, आणि तो फोन पावसाळ्यापासून कधी वाजला नव्हता.

याकूब तसाच काळ्या हाताने उठला.

"हॅलो, अफसानाताई?" कुणीतरी तरुण पोरगा होता, पुण्याकडचा.

याकूबने फोनला लागलेली शाई बाहीने पुसली.

"हॅलो? अफसानाताई आहेत का?"

"नाहीत," तो म्हणाला. "बाहेर गेल्यात."

असं का म्हणालो ते त्याचं त्यालाच कळलं नाही. तोंडातून निघून गेलं.

"बरं बरं. मग मी थोड्या वेळाने करतो. साईटवर नंबर होता म्हणून केला."

फोन ठेवून तो मोरीपाशी हात धुवायला गेला, तर पुन्हा फोन. या वेळी एक बाई. रविवारी आंबवड्याला देवळात येणार होत्या, चारपाच जणी, जेवायची सोय पाहिजे होती. अफसानाताईंना द्या म्हणाल्या. याकूब म्हणाला, बाहेर गेल्यात, आल्या की सांगतो. साबणाचा फेस कोपरापर्यंत गळत होता. तिसऱ्या फोनला तर कुणी विचारायच्या आतच त्याने सांगून टाकलं, "बाहेर गेल्यात हो."

दुकान भोरच्या एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत, जुन्या दगडी इमारतीत होतं. भिंती हातभर जाडीच्या. आत मोबाईलला रेंज म्हणून यायची नाही. म्हणून अफसाना तिचा फोन रस्त्याकडच्या खिडकीत ठेवायची आणि खिडकीलाच स्टूल लावून बसायची. कॉम्प्युटर आत, फोन बाहेर. ती गेली, तरी याकूबने फोन तिथून हलवला नव्हता. रोज रात्री चार्जिंगला लावायचा, सकाळी परत खिडकीत. कशाला, ते त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानेही स्वतःला विचारलं नाही.

"काय भाई," शाकिर पायरीवर येऊन उभा राहिला. "भाभींचा फोन आज लई वाजतोय. सकाळपासून माझ्याकडं एक गिऱ्हाईक नाही आणि त्यांच्याकडं रांग लागलीय."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. याकूबने लक्ष दिलं नाही. त्याला आत जावंसं वाटत होतं आणि खिडकीपासून लांब व्हावंसंही वाटत नव्हतं. तो नुसता येरझारा घालत होता.

याकूब मूळचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा. नंतर कॉम्प्युटर आले तेव्हा तेही उघडून बघायला लागला. दुकानात इंटरनेट घेतलं, झेरॉक्स घेतलं. पण यंत्राच्या आत जे लिहिलेलं असतं ते त्याच्या डोक्यात कधी शिरलं नाही. ते अफसानाचं काम. कॉलेजची पोरं प्रोजेक्ट टाईप करायला आणून द्यायची. अफसाना नुसतं टाईप करायची नाही, वाचायची. न कळलेलं पोरांनाच विचारायची. पोरांनाही येत नसायचं, मग ती इंटरनेटवर शोधायची. असं करता करता ती पीएचपी, म्हणजे साईट लिहायची भाषा, शिकली, आणि तिने साईट काढली.

साईट कसली, तर घरांची. पुण्यामुंबईची माणसं डोंगरात फिरायला यायची आणि दुपारी उपाशी फिरायची. गावात भाकरी थापणारी घरं होती, पण ती कुठे आहेत हे कुणाला माहीत नसायचं. अफसानाला माहीत होतं. तिची आई मणेरीण. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन वरंध घाटाकडे आणि इकडे वेल्ह्याकडे गावोगाव फिरलेली. लहानपणी अफसाना तिच्याबरोबर असायची. कुठल्या गावात कुणाच्या हाताला चव आहे ते तिला पाठ होतं.

पहिल्यांदा साईट केली तेव्हा प्रत्येक घराचा पत्ता लांबलचक यायचा. साईटचं नाव, मग इंडेक्स डॉट पीएचपी, मग प्रश्नचिन्ह, मग आयडी बरोबर अमुक. अफसानाला ते बघवायचं नाही. "असला पत्ता फोनवर कुणाला सांगायचा? गावात गेल्यावर माणूस विचारतो, हिर्डोशीत धोंडाबाईचं घर कुठलं. तसाच पत्ता पाहिजे. हिर्डोशी, आडवी रेघ, धोंडाबाई. बस."

तेवढ्यासाठी तिने एक फ्रेमवर्क घेतलं, म्हणजे साईटचा तयार सांगाडा, आणि साईट परत पहिल्यापासून लिहून काढली. मधलं इंडेक्स डॉट पीएचपी जाता जात नव्हतं. ते घालवायला एक फाईल लागते, तिच्या नावाची सुरुवातच टिंबाने होते. दुकानातला कॉम्प्युटर तशी फाईल करू द्यायचा नाही, म्हणायचा, टिंबाच्या आधी नाव द्या.

"हिला नाव नाही, नुसतं आडनाव आहे," याकूब हसला होता.

"मग राहू दे की आडनावानं," अफसाना म्हणाली होती. "तुमच्या आत्यालाही सगळे इनामदारीणच म्हणतात. तिचं नाव तरी कुठं कुणाला ठाऊक आहे?" आणि कशी काय कोण जाणे, ती फाईल करून मोकळी झाली होती.

दुकानातला तारेचा फोन वाजला. तो याकूबचा स्वतःचा.

"याकूबदादा, म्या ठकुबाई. मार्गासनीची."

"बोला."

"दादा, माजं घर टाकतो म्हनला व्हता काल. पोरानं पुन्यात उघडून बगितलं. तर म्हनतो, आये, तुजं घर न्हाई हितं. कुन्या अफसानाचं पान येतंय."

"असं कसं? मी टाकलंय की."

"म्या तांदूळ निवडून ठिवलेत दादा. परवा कुनी आलं तर आसावं म्हनून. जाऊबाई आताच हसाया लागलीया, म्हनती, तुज्याकडं कोन इतंय मरायला."

"येतील. बघतो मी."

ठकुबाई काल स्वतः दुकानात आली होती. अफसाना आजारी पडायच्या आधी तिच्या घरी जेवून आली होती, फोटो काढला होता, आणि तुमचं घर टाकते असा शब्द दिला होता. नंतर पुण्याचा दवाखाना झाला आणि ते राहून गेलं. ठकुबाईने नुसती आठवण केली. याकूबला मात्र तो शब्द टोचला. एवढं तरी आपण करू, म्हणून तो काल संध्याकाळी अफसानाच्या जागेवर बसला.

घरांच्या पत्त्यांची फाईल वेगळी होती, ती त्याला माहीत होती. अफसानाने दाखवली होती. एकेका घराला एकेक ओळ. डावीकडे माणूस जो पत्ता मागेल तो, उजवीकडे त्याला कुठल्या पानावर न्यायचं ते. त्याने धोंडाबाईची ओळ उचलली, खाली परत चिकटवली, हिर्डोशीच्या जागी मार्गासनी घातलं, धोंडाबाईच्या जागी ठकुबाई. फोटो घातला. फाईल सर्व्हरवर चढवून उघडून बघितलं तर ठकुबाई दारात उभी, पदर खोचून. त्याला बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी काहीतरी जमलं होतं.

मग त्याची नजर फाईलच्या तळाशी गेली. सगळ्यात खालची ओळ वेगळी होती. डावीकडे गावाचं नाव नव्हतं, घराचं नव्हतं. कंसात नुसतं एक टिंब आणि एक चांदणी. आणि उजवीकडे इंग्रजी अक्षरांत, अफसाना.

याकूब त्या नावाकडे बघत बसला. धोंडाबाई वर, ठकुबाई वर, आंबवड्याची, नसरापूरची, सगळी वर. आणि जिने हे सगळं केलं तिचं नाव सगळ्यांच्या पायाशी. त्याला ते बरं दिसेना. त्याने ती ओळ उचलली आणि सगळ्यात वर नेऊन ठेवली. फाईल चढवली. साईट उघडली, पहिलं पान नीट आलं. कॉम्प्युटर बंद करून तो घरी गेला.

आता त्याने साईट उघडली. पहिलं पान आलं. त्याने हिर्डोशीवर टिचकी मारली. अफसाना. मार्गासनीवर मारली. अफसाना. आंबवडे, अफसाना. जिकडे जावं तिकडे तेच पान. वर पांढरं, खाली तिने लिहिलेलं:

"घर सापडत नाही? असू दे, डोंगरात होतं असं. मला फोन करा, मी सांगते. अफसाना, भोर." आणि खाली तिचा नंबर.

हे पान याकूबने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्याने ते दोनदा वाचलं. आणि तिकडे खिडकीत फोन वाजायला लागला.

तो उठून खिडकीशी गेला, बाहेर गेल्यात म्हणाला, परत आला, तोवर लाईट गेली.

शुक्रवारचं भारनियमन. आता चारशिवाय यायची नाही. कॉम्प्युटर काळा पडला. फोनला मात्र लाईटशी काही देणंघेणं नव्हतं. उद्या शनिवार, सगळ्यांना डोंगरात जायचं होतं. हवा थंड, आभाळ कोरं, आणि कुणालाच कुठलं घर सापडत नव्हतं.

"नमाजला चला भाई," शाकिर टोपी घालून आला. "आणि तो फोन बंद करून ठेवा थोडा वेळ."

"नको."

"मग इथंच ठेवा."

तेही याकूबला जमेना. त्याने आवाज बंद केला आणि फोन खिशात घातला. मशिदीत तो शेवटच्या रांगेत उभा राहिला. सजद्यात कपाळ टेकलं तेव्हा खिशातला फोन थरथरला. उठला तेव्हाही थरथरत होता. शेजारच्या म्हाताऱ्याने शेवटी मान वळवून सलाम करताना त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. दुआ मागायला हात वर केले आणि काय मागायचं ते त्याला सुचेना. हे थांबू दे म्हणावं, की थांबू नको म्हणावं?

परत आल्यावर त्याने जेवणाचा डबा उघडला नाही. दारात उभा राहिला, आत गेला, बाहेर आला. कुमारचा फोन येऊन गेला. कुमार पुण्याचा, दर हिवाळ्यात पोरं घेऊन यायचा, अफसानाचा जुना ओळखीचा.

"काय याकूबभाई, ताई सकाळपासून बाहेरच? आमच्या पोरालाही तुम्ही हेच सांगितलंत. एवढं कुठं फिरतायत?"

"कामं असतात," याकूब म्हणाला.

"आल्या की सांगा, कुमार चिडलाय. यंदा उन्हाळ्यानंतर एक फोन नाही." आणि तो हसला.

याकूबने फोन परत खिडकीत ठेवला. सकाळी एक शब्द निघून गेला होता. आता तो एवढा मोठा झाला होता, की परत गिळायची सोय राहिली नव्हती.

आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्याच फोनवर हिर्डोशीहून धोंडाबाई.

"जावईबापू हायेत का?" अफसाना तिच्या अंगाखांद्यावर वाढलेली, म्हणून याकूब जावई. लग्न झाल्यापासून तो हेच नाव ऐकत आला होता.

"मीच आहे मावशी."

"कुमारचा फोन आलाता. म्हनला, अफसानाताई बाहेर गेल्यात." ती थांबली. "कुठं गेलीया रं ती? मला बी सांग की. म्या बी येते भेटाया. लई दिस झालं."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला.

"मयताला आलते म्या. तुज्या उंबऱ्यात बसले व्हते. मंग हे बाहेर जानं कुठनं काडलंस?"

"तोंडातनं निघालं मावशी."

"निगतं. आमचा म्हातारा गेला तवा बँकेचा मानूस आलाता, त्याला म्या बी म्हनलं, रानात गेल्यात. पन येकदाच म्हनलं बाबा. तू तर सकाळधरनं समद्या पुन्याला सांगाया लागलास."

त्याला हसू आलं, आणि हसता हसता त्याचा आवाज फुटला. धोंडाबाईने तिकडे कळलं नाही असं दाखवलं.

"बरं, ते ऱ्हाऊ दे. माजं घर कुठं गेलं? कुमार म्हनतो, कुनाचं बी घर मागितलं तर अफसानाच म्होरं येती."

"मी तिचं नाव वर घेतलं मावशी. सगळ्यात खाली होतं."

"का घेतलंस?"

"बरं दिसेना. सगळ्यांच्या खाली तिचं नाव."

"आरं येड्या," धोंडाबाई म्हणाली. "ती मनेरनीची लेक. खालीच बसनार. तुजी सासू गावात आली म्हंजी आदी बोलावल्याली घरं करायची. जितं लगीन, जितं डव्हाळं, तितं आदी. मंग वाटंवरची. आनि समदं झाल्यावर, शेवटाला, पारावर पेटी उगडून बसायची. जिच्या घरी जानं झालं न्हाई, तिनं पारावर यावं. म्या येकदा म्हनलं, बाई, पारावर सावली हाय, आल्या आल्या हितंच का बसत न्हाईस? तर म्हनली, आदी पारावर बसले तर समदा गाव हितंच गोळा हुईल, मंग घरं कोन बगनार? बाळंतीन काय उठून पारावर यील व्हय?" धोंडाबाईला धाप लागली. "अफसाना बाजूला आसायची, फ्राकाच्या वच्यात चिंचा घिऊन. तिला समदं ठाव."

याकूब खिडकीचा गज धरून उभा होता.

"ऐकतुयास न्हवं?"

"ऐकतोय."

"मंग मला पारावरनं घरी धाड. परवाला मानसं याची हायेत. आनि त्या कुमारला सांग. म्या न्हाई सांगनार. ते तुजं काम हाय."

आता त्याला कळलं होतं. कॉम्प्युटर ती फाईल वरून खाली वाचत असणार. जी ओळ आधी जुळली तिकडेच नेऊन सोडणार, खालचं बघणारच नाही. आणि टिंब आणि चांदणी म्हणजे काहीही. काहीही मागा, ते त्या ओळीला जुळणार. पहिल्या पानाला काही मागावं लागत नाही, म्हणून तेवढं नीट आलं होतं. त्याने अफसानाला वेशीत आणून पारावर बसवलं होतं. सगळी वाट तिथेच अडली होती.

करायचं काय ते ठाऊक होतं, पण लाईट नव्हती. चार वाजेपर्यंत तो दुकानाच्या पायरीवर उठबस करत राहिला. फोन वाजत होता. मध्ये एकदा त्याच्या मनात आलं, लाईट आली तरी हात लावू नये. दोन दिवस राहू दे असंच. किती महिन्यांनी लोक तिचं नाव घेतायत. ओळ खाली नेली की उद्यापासून हा फोन पुन्हा मुका. कोण विचारणार आहे मग अफसानाताई आहेत का म्हणून?

पण मार्गासनीला ठकुबाई तांदूळ निवडून बसली होती. शब्द अफसानाने दिलेला होता.

लाईट आली. कॉम्प्युटरने सुरू व्हायला त्याचा नेहमीचा वेळ घेतला. याकूबने फाईल उघडली. पहिली ओळ उचलली. क्षणभर ती कुठेच नव्हती, ना वर, ना खाली. मग तो पार तळाशी गेला, ठकुबाईच्याही खाली, आणि तिथे ती चिकटवली. नाव नीट वाचून बघितलं. एकही अक्षर सांडलं नव्हतं. अफसानाने शिकवलं होतं तशी फाईल डावीकडून उजवीकडे ओढली. निळी पट्टी हळूहळू भरली.

हिर्डोशी, आडवी रेघ, धोंडाबाई. धोंडाबाई आली, चुलीपुढे, डोळे धुराने बारीक. मार्गासनी, ठकुबाई. दारात उभी, पदर खोचून. आंबवडे आलं. नसरापूर आलं.

मग त्याने पत्त्याच्या जागी मनाला येईल ती अक्षरं दाबली, कुठल्याच गावाची नाहीत अशी. पान आलं. घर सापडत नाही? असू दे.

खिडकीतला फोन शांत होता. याकूबने खिडकीशी जाऊन त्यातून कुमारचा नंबर काढला आणि उभ्यानेच लावला. फार बोलला नाही. धोंडाबाईचं पान आता उघडतंय, एवढं आधी सांगितलं, मग दुसरं. कुमार म्हणाला, "मी दुपारी असं कसं बोललो याकूबभाई." याकूब म्हणाला, "तुम्हाला काय ठाऊक? मी बोललो तसं तुम्ही बोललात."

संध्याकाळी शाकिरने शटर ओढलं. "थांबला वाटतं एकदाचा," तो म्हणाला. याकूबने मान हलवली. सकाळी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद अजून तसाच होता. तो काढून त्याने डबा उघडला. पोळी कडक झाली होती. चार घास खाल्ले.

फोन वाजला.

याकूब खिडकीशी गेला. अफसानाचं स्टूल भिंतीला लावलेलं होतं, त्यावर जुन्या झेरॉक्सचे गठ्ठे होते. ते त्याने खाली ठेवले आणि स्टूल ओढून घेतलं.

"नमस्कार," एका वयस्कर माणसाचा आवाज. "अफसानाताई आहेत का? माझी मुलगी वेल्ह्याला शाळेत नोकरीला लागलीय, एकटीच राहणार आहे. तिच्या जेवणाची कुठं सोय होते का बघत होतो. साईटवर वेल्ह्याचं घर काही सापडेना."

"बरोबर आहे," याकूब म्हणाला. "वेल्ह्याचं घर अजून त्यात नाही."

"ताई असतील तर त्यांनाच विचारलं असतं."

"अफसाना नाहीत आता. जूनमध्ये वारल्या." तो खिडकीला पाठ टेकून नीट बसला. "मी त्यांचा नवरा बोलतोय. मुलगी कधी येणार आहे, सांगा. घर बघून ठेवतो."